वायर गुंडाळेपर्यंत

किशूसेठ नेमका कुणाचा माणूस होता, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तुम्ही म्हणाल, माणूस कुणाचा तरी कशाला असायला हवा? पण उल्हासनगर संपतं आणि अंबरनाथ सुरू होतं त्या मधल्या पट्टीत आम्ही राहायचो, आणि तिथे प्रत्येक जण कुणाचा तरी असायचाच. हा युनियनचा, तो कंपनीचा, हा नगरसेवकाचा, तो गुत्तेवाल्याचा. नळावर नवी बाई आली की पहिला प्रश्न, "तुमचे हे कुणाकडे?" म्हणजे कामाला कुठे असं नाही, कुणाच्या बाजूला, असं. आणि जो कुणाचाच दिसत नाही तो पोलिसांचा, हे सगळ्यांना पाठ होतं.

मी पुसदकडची. सहावीत शाळा सुटली, आई अंथरुणाला खिळली होती आणि भाकरी करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. लग्न होऊन एकदम इतक्या लांब आले. "का?"च्या जागी माझ्या तोंडून आमच्याकडचं "काऊन?" निघालं की नळावरच्या बाया पदरात हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. आमचे हे अंबरनाथला एका केमिकलच्या कारखान्यात होते. ॲसिडच्या लाइनीवर व्हॉल्व सांभाळायचं काम. पहिल्या चाळीतून मालकाने भाचा येणार म्हणून आम्हाला काढलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं, भोंगेवाल्या सिंध्याकडे, म्हणजे किशूसेठकडे, गोडाऊनमागची खोली रिकामी आहे.

आम्ही गेलो तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि एका मोठ्या भोंग्यात हात घालून काहीतरी चाचपत होता. पन्नाशीचा असेल. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एका चपलेचा अंगठा तुटलेला, तो वायरीने बांधलेला. वर न बघता त्याने मला विचारलं, "शिलाई येते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग रहा."

"सेठ, बाकीचं काय ते—" हे म्हणाले.

"बाकी काय? हळू बोला. आत चिमणी बसली आहे."

भोंग्यात घरटं होतं. पिल्लं उडेपर्यंत तो भोंगा त्याने भाड्याने दिला नाही. हे मला पुढे समजलं. त्या दिवशी परत येताना आम्ही दोघं एकच बोललो, इतकं सहज कुणी कुणाला खोली देत नाही. काहीतरी गोम असणार.

भोंगे, माईक आणि मंडप भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. माझं काम मंडपाची कापडं शिवायचं. कनाती, झालरी, छताचं कापड. गोडाऊन आणि माझी खोली यांच्यामध्ये नुसता प्लायवूड होता. मी मशीनवर बसले की पलीकडचं सगळं ऐकू यायचं. ऐकायची मला सवयच लागली. परक्या मुलखात बाईमाणसाने कान उघडे ठेवलेले बरे.

त्याच्या दोन-तीन सवयी आधी सांगते. सगळे माईकवाले "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतात. हा घरी काय शिजलंय ते सांगायचा. मैदानात भोंगे लागले की त्याचा बसका आवाज यायचा, "हॅलो. साईभाजी. पालकवाली. साईभाजी आणि भात. हॅलो." अख्ख्या वस्तीला त्याच्या घरचा स्वयंपाक कळायचा. त्याची बायको, तिला आम्ही भाभी म्हणायचो, फार चिडायची. "लोक मला बाजारात विचारतात, भाभी, आज परत वांगं?" एकदा दोघांचं भांडण झालं होतं तेव्हा भोंग्यातून आलं, "हॅलो. आज काही नाही. भाभी रागावली आहे. हॅलो." लोक खो-खो हसले. भाषणापेक्षा ते टेस्टिंग ऐकायला पोरं आधी जमायची.

दुसरी सवय कापसाची. भाषण सुरू झालं की तो शर्टच्या खिशातून कापूस काढायचा, दोन्ही कानांत घालायचा आणि बॅटरीच्या खोक्यावर बसून राहायचा. हात मशीनवर, नजर काट्यावर. कोण काय बोलतंय याच्याशी घेणंदेणं नाही.

आणि तिसरी वायरीची. ही त्याची एकच अट असायची, कितीही मोठा पुढारी असो. सभा संपली की दुसरे माईकवाले आधी मशीन बंद करतात. हा बंद करायचा नाही. तो मैदानाच्या पार टोकाला, शेवटच्या भोंग्याकडे चालत जायचा आणि तिथून वायर गुंडाळत गुंडाळत स्टेजकडे यायचा. तोवर जवळचे भोंगे आणि माईक चालू. तेवढ्या वेळात ज्याला जे बोलायचं ते त्याने बोलावं. पोरं गाणी म्हणायची. कुणाची म्हातारी चुकलेली असायची. एक पिऊन तर्र झालेला गडी दर सभेनंतर येऊन सासऱ्याला शिव्या घालायचा. कुणी पुढाऱ्याला म्हणायचा, साहेब, मागच्या वेळी गटाराचं बोलला होतात, त्याचं काय झालं? पुढारी चरफडायचे. वस्तीत त्याला वायरीची सभा म्हणायचे. कधीकधी खऱ्या सभेपेक्षा तीच रंगायची.

मला यातही संशय यायचा. लोकांच्या मनातलं असं फुकट काढून घेऊन हा ते कुणाला देत असेल?

कारण दर आठ-पंधरा दिवसांनी दुकानासमोर पोलिसांची जीप थांबायची.

कारखान्यात संप झाला तेव्हा पहिल्यांदा ठिणगी पडली. आमच्या युनियनची गेट मीटिंग किशूसेठच्याच माईकवर झाली, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाजूच्या युनियनची. त्याच माईकवर. हे आणखी दोघांना घेऊन दुकानात गेले. मी प्लायवूडच्या अलीकडे. मशीनचा पाय थांबवला होता.

"सेठ, उद्यापासून त्यांना माईक द्यायचा नाही."

"कुणाला?"

"तुम्हाला माहितीये कुणाला. कंपनीच्या चमच्यांना."

"ते पण काल हेच सांगून गेले. तुमच्याबद्दल."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"विचारलं, चहा घेणार? तुम्ही घेणार?"

हे भडकले. "म्हणजे तुम्ही दोन्हीकडून खाता!"

"खातो ना. आज दाल-पकवान आहे. बसा."

"मस्करी नको, सेठ. त्यांचं पटतं का तुम्हाला? खरं सांगा."

"मला कुणाचंच पटत नाय. तुमचा पुढारी एकच गोष्ट तीन वेळा सांगतो. त्यांचा पुढारी माईकवर थुंकी उडवतो, मला मग पुसावं लागतं. आता पटेल त्यालाच माईक द्यायचा म्हटलं, तर मैदानात मी एकटाच बोलणार आणि मी एकटाच ऐकणार. एकदा माईक दिला का दिला."

बाहेर येऊन हे मला म्हणाले, "कमल, हा माणूस बरोबर नाही. दुसरी खोली बघू." पण संप चालू होता. खोली कुठून बघणार? आणि खरं सांगायचं तर त्या संपात आमच्याकडे चूल पेटत होती ती माझ्या शिलाईवर, म्हणजे त्याच्याच जिवावर. ज्याचं खातो त्याच्यावरच डोळा ठेवायचा, हे मला बोचायचं. पण डोळा काही निघत नव्हता.

त्याच दिवसांत हवालदार आला. पलीकडून स्टूल ओढल्याचा आवाज.

"किशू, काल गेटवर काय काय बोलले रे? कोण कोण बोललं?"

"साहेब, हे बघा." बहुतेक त्याने कापूस काढून दाखवला असावा. "मला काय ऐकू येणार?"

"नाटक करू नको. मशीन तुझं."

"मशीन माझं. रिक्षावाला पाशिंजरला सोडतो, साहेब. कशाला चालला ते विचारतो का?"

"एक दिवस तुझी रिक्षाच जप्त करतो, थांब."

मला जरा बरं वाटलं. मग लगेच वाटलं, हा एवढ्या मोठ्याने कशाला बोलला? प्लायवूडच्या मागे मी असते हे त्याला माहीत होतं. हे सगळं मला ऐकवण्यासाठी तर नव्हतं?

एकदा मी शिवलेली कनात द्यायला गेले तेव्हा त्याने आपण होऊन सांगितलं. लहानपणी, फाळणीनंतर, निर्वासितांच्या कॅम्पात एकच भोंगा होता, सरकारचा. रेशन इथे मिळेल, पाणी तिथे मिळेल, रांग लावा. "तो बोलायचा, आम्ही ऐकायचो. आमचा बाप त्या भोंग्याला ओरडून उत्तर द्यायचा, बेटी. खाली उभा राहून. भोंग्याला कान कुठे?" असं म्हणून हसला. ऐकून मला गलबललं. पण पुढे भाभीने हीच गोष्ट सांगितली, त्यात ओरडणारा बाप नव्हता, शेजारचा म्हातारा होता. झालं. माझं गलबललेलं पुन्हा जागेवर बसलं.

मग ती उल्हासनगरच्या कॅम्प एकमधली सभा.

तेव्हा एक नवा पुढारी वर येत होता. पांढरे बूट घालायचा, पोरं त्याला बॉस म्हणायची. भूमिपुत्रांची सभा, असं भिंतींवर रंगवलं होतं. स्टेजच्या मागच्या कापडाला मोठी फाट होती आणि दुसरं कापड लग्नात गेलेलं. म्हणून सुई-दोरा घेऊन मीही टेम्पोतून गेले. संध्याकाळची वेळ. स्टेजमागे बसून मी टाके घालत होते, माझ्यापासून चार हातांवर किशूसेठ खोक्यावर.

बॉस सुरुवातीला नोकऱ्यांवर बोलला. मग आवाज चढला. "लोखंडी ट्रंका घेऊन आले आणि आमच्या उरावर बसले. दुकानं ह्यांची, गाळे ह्यांचे, आमची पोरं ह्यांच्या गोण्या उचलणारी. ट्रंकांसकट परत गाडीत बसवा ह्यांना!" आजूबाजूची सगळी दुकानं सिंध्यांची. अर्ध्या शटरमधून लोक बघत होते. माझा टाका चुकत होता.

कॅम्पातले दोन व्यापारी मागून आले. एकाच्या अंगावर झुळझुळीत सफारी. ते किशूसेठशी सिंधीत बोलले. शब्द मला कळले नाहीत, पण हाताने बटण पिरगाळून दाखवलं ते कळलं. बंद कर. किशूसेठने मान हलवली. नाही. सफारीवाला खाली वाकून त्याच्या तोंडाजवळ काहीतरी पुटपुटला. काय ते कळायला सिंधी यायची गरज नव्हती.

तेव्हा किशूसेठने कानांतला कापूस काढला. दोन्ही कानांतला. खिशात ठेवला.

वर बॉस म्हणत होता, "आणि हा भोंगा वाजतोय ना, तोही ह्यांच्यातल्याच एकाचा! स्वतःला शिव्या घालायला स्वतःच भोंगा भाड्याने देतात. असली ही जात!"

मैदान हसलं. बॉस ओरडत होता म्हणून आवाज फाटत होता, शब्द धड कळत नव्हते. किशूसेठचा हात बटणाकडे गेला. मला वाटलं, सुटलो, बंद करतोय. पण त्याने बटण जरासं फिरवलं आणि आवाज एकदम स्वच्छ झाला. बॉसची एकेक शिवी अशी यायला लागली की जणू शेजारी बसून देतोय.

हा माणूस आहे की काय आहे?

सभा संपल्यावर पोरांनी दोन-तीन दुकानांवर दगड मारले. एक दगड भोंग्याला लागून त्याचा काठ चेपला. किशूसेठ नेहमीसारखा टोकाला गेला, वायर गुंडाळत आला. माईक चालू होता. त्या दिवशी वायरीच्या सभेला कुणी आलं नाही. त्याचे लोक शटरमागे, आणि बाकीचे घोषणा देत निघून गेलेले. शेवटी तो स्वतः माईकपाशी आला. टेस्टिंगच्याच आवाजात म्हणाला, "हॅलो. आज भूक नाही. हॅलो." आणि मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार हजर. मागोमाग सफारीवाला.

"किशू, काल तर कापूस काढला होतास. सगळ्यांनी बघितलं. आता साक्ष दे, आतच टाकतो त्याला."

"ऐकलं, साहेब. सगळं ऐकलं. फार वाईट बोलला."

"मग लिहून दे."

"वाईट बोलला त्याची माझी तक्रार नाय. भोंग्यावर दगड मारला त्याची आहे. दगड कुणी मारला तो पोरगा मी दाखवतो. त्याचं लिहून घ्या."

"अरे, जातीवर बोलला तुझ्या!"

"बोलला. हात लावला नाय. पोराने हात लावला."

सफारीवाला सिंधीतून तावातावाने काही बोलला आणि शेवट मात्र हिंदीत केला, बहुधा मला आणि हवालदाराला ऐकू जावं म्हणून. "आज के बाद अपने लोगों की एक भी शादी में तेरा भोंगा नहीं बजेगा."

तसंच झालं. लग्नसराई गेली. झालरी माझ्याकडे शिवायला येईनाशा झाल्या, कारण फाटायलाच त्या कुठे जात नव्हत्या. भाभीने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्या दिवसांत कधी सभा असली तर भोंग्यातून फक्त "हॅलो, हॅलो" यायचं, पुढे काही नाही. पोरं विचारायची, सेठ, भाजी सांगा ना.

एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "सेठ, काऊन बंद नाही केला तुम्ही?"

तो माझ्या काऊनला हसला नाही. कधीच हसला नव्हता. म्हणाला, "बंद केला असता तर मी ठरवणारा झालो असतो, बेटी. मग उद्या हवालदार सांगेल ह्याचं बंद कर, परवा कंपनी सांगेल तुझ्या माणसाचं बंद कर. बटन माझ्या हाताखाली आहे. म्हणून बटन माझं आहे का?"

"आणि कापूस काऊन काढला?"

"मला शिव्या देत होता ना. दुसऱ्याच्या शिव्या कापसातून जाऊ देतो. माझ्या तरी मी नीट ऐकायला पाहिजे. नाही तर मला कसं कळणार, मी किती सहन करतो ते?"

मी ऐकून घेतलं. पण पटलं, असं नाही. एवढं नुकसान कुणी फुकट सोसतं का? आणि पुढच्याच महिन्यात बॉसची सभा झाली तिला पुन्हा किशूसेठचाच माईक. हे म्हणाले, "बघ. आता कळलं कुणाचा माणूस ते?" मला वाटलं, कळलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कारखान्यात ॲसिडची लाइन फुटली. दोन जण भाजले. पाळी आमच्या ह्यांची होती, व्हॉल्व ह्यांचा. व्हॉल्व गळतोय हे ह्यांनी आधी साहेबाला सांगितलं होतं, पण ते ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. चौकशी बसली. आणि वस्तीत कुजबुज सुरू झाली, तो पिऊन होता. कोण म्हणतंय, विचारलं तर कुणीच नाही. नळावर मी गेले की बाया गप्प. चौकशीत तेच धरलं तर नोकरी जाणार, वर कपाळावर शिक्का, आणि मग अंबरनाथ-बदलापुरात कुठल्याच गेटवर उभं करणार नाहीत. पुसदला परत जावं तर तिथे तरी काय होतं? मी तेव्हा पोटुशी होते. अन्न जात नव्हतं, ते डोहाळ्यांनी की भीतीने, कळत नव्हतं.

एक दिवस दुपारी पाळी बदलायच्या वेळेला मी ह्यांच्या युनियनच्या माणसाकडे निरोप द्यायला गेटवर गेले. तिथे कंपनीच्या युनियनची मीटिंग चालू. मधू सुपरवायझर माईकवर होता. "भाऊंनो, आपली दोन माणसं भाजली ती कुणामुळे? व्हॉल्ववर जो होता तो शुद्धीत होता का? दारू पिऊन ड्युटीवर येणाऱ्याला कुठली युनियन पाठीशी घालते ते ओळखा!"

भोंगा समोरच्या झाडाला बांधला होता. तो आवाज मला तोंडावर बसल्यासारखा बसला. मी धावतच किशूसेठकडे गेले. कापूस घालून खोक्यावर बसला होता. मी त्याचा खांदा हलवला, कापूस मीच ओढून काढला. "सेठ, बंद करा. खोटं बोलतोय तो. बंद करा आधी!"

"बेटी—"

मी वायर धरली. ओढणारच होते. त्याने माझ्या हाताला हात लावला नाही. प्लगवर आपला पंजा ठेवला.

"ओढू नको. त्याचं संपू दे. माईक कुठे जात नाही."

"तुम्ही त्याचेच आहात," मी म्हटलं. "सगळ्यांचे आहात, फक्त आमचे नाही."

त्याने प्लगवरचा पंजा काढला नाही. वर मधू बोलतच राहिला, आणि शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. मशीन त्याने तेव्हाही नीटच लावलं होतं. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मधूचं संपलं. किशूसेठ उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी वायर गुंडाळायला चाललो." आणि गेटच्या पार पलीकडे, शेवटच्या भोंग्याकडे निघाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी माईककडे निघाले. पाळीवरून सुटलेले, पाळीवर जाणारे, सगळे उभे. मी आयुष्यात चार माणसांसमोर बोललेली नाही. मधूची माणसं म्हणाली, "ए बाई, कुठे चाललीस?" कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, वायरीची सभा आहे."

माईकपाशी उभी राहिले तर आवाजच फुटेना. भोंग्यातून नुसता माझा श्वास. समोर बघितलं तर लांबवर किशूसेठ. वायर निम्मी गुंडाळून झाली होती. त्याने ती बघितली, मान हलवली, जणू पीळ पडलाय, आणि सगळी पुन्हा सोडली. परत टोकापासून सुरुवात केली. सावकाश.

मग मी बोलले. "मी त्यांची बायको. माझा नवरा दारू पीत नाही. त्या दिवशी डबा मी हातात दिला, तोंडाजवळ उभी होते. व्हॉल्व गळतोय हे त्यांनी साहेबाला सांगितलं होतं, घरी येऊन मला सांगितलं होतं. आता मधूभाऊ बोलले. समोर बोलले, बरं झालं. बाकीचे आमच्या पाठीमागे काऊन बोलता? मला विचारा. मी इथे आहे."

काऊनला मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तेही थांबलं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. भाजलेल्यातल्या एकाचा भाऊ पुढे आला, त्याने माईक घेतला नाही, नुसतं मधूला विचारलं, "तू बघितलंस का पिताना?" मधू म्हणाला, "ऐकलं." "कुणाकडून?" मधूने इकडेतिकडे बघितलं. तेवढंच. चौकशी पुढे कितीतरी दिवस रखडली, ह्यांच्यावर दोष आला नाही आणि साहेबावरही आला नाही. पण नळावरची कुजबुज थांबली. ज्यांना विचारायचं होतं त्या तोंडावर विचारायला लागल्या, "काय गं, खरंच पीत नाही?" आणि मी तोंडावर सांगायला लागले. कुजबुजीला काय सांगणार? तिला तोंडच नसतं.

मी आभार मानायला गेले तर किशूसेठ म्हणाला, "कशाचे? मी तर वायर गुंडाळत होतो." आणि त्याच आठवड्यात मधूला पुन्हा माईक दिला.

मुलगी झाली. ह्यांना बदलापूरला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं आणि आम्ही शिरगावला राहायला आलो. जाताना भाभीने, जी माझ्याशी फारशी बोलायची नाही तिने, माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. किशूसेठ गोडाऊनच्या दारात बसून भोंगा पुसत होता. वर न बघता म्हणाला, "शिलाई सोडू नको."

पुढे बरीच वर्षं दिसला नाही. स्पीकरचे मोठे मोठे डबे आले, छातीत धडधड करणारे. भोंगे कोण घेतो? मला वाटलं, सुटला असेल धंदा.

मग एकदा शिरगावच्या मोकळ्या जागेवर, जिथे आता बिल्डिंगी आहेत, संध्याकाळी सभा होती. पाण्याचा प्रश्न. आम्ही सगळेच पाण्याने त्रासलेलो, म्हणून हे आणि मी गेलो. लांबूनच ऐकू आलं, "हॅलो. कढी. कढी-चावल. हॅलो."

मी एकदम थांबले. "अहो, भाभी बोलायला लागली वाटतं."

स्टेजवर पांढरे बूट. केसही आता पांढरे. बॉस. त्याच्या शेजारी गळ्यात हार घालून कॅम्पातले तेच दोन व्यापारी, सफारीवाला त्यातलाच. तिघं एकमेकांच्या कानात बोलून हसत होते. ह्यांनी मला कोपराने ढोसलं. "बघ. कोण कुणाचा, कळतं का काही?"

किशूसेठ बाजूला खोक्यावर. वाळला होता. मान जरा हलत होती. पण हात मशीनवर, नजर काट्यावर. मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्याने ओळखलं, नुसत्या भुवया उचलल्या. कानांत कापूस होताच.

बॉस पाण्यावर आला. "बदलापूर गावातल्या विहिरी आटल्या. का आटल्या? बारवी धरण इथे, आणि आपल्या नळाला पाणी नाही. का नाही? कारण कुठून कुठून लोंढे आले! कोण विदर्भातून, कोण मराठवाड्यातून. ज्यांना आपल्या गावी अंघोळ माहीत नव्हती ते इथे येऊन ‘काऊन पाणी नाही, काऊन पाणी नाही’ करतात!" त्याने काऊन असं काही नाकातून काढलं की सगळं मैदान हसलं. सफारीवालाही हसला.

माझे कान तापले. बाजूच्या बायांनी माझ्याकडे बघून नजर वळवली.

किशूसेठने माझ्याकडे बघितलं. त्याचा हात बटणाकडे गेला नाही, आणि तो जाणार नाही हे मला माहीत होतं. तो खिशाकडे गेला. त्याने कापसाचे दोन बोळे काढले आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरले.

मी बघत राहिले. मग मान हलवली. नको.

त्याने कापूस परत खिशात ठेवला. आवाज फाटत होता म्हणून बटण जरासं फिरवलं.

सभा संपली. हारवाले गाडीत बसले, लोक पांगायला लागले. किशूसेठ गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मैदानाच्या टोकाला, शेवटच्या भोंग्याकडे निघाला. आधीच चाल मंदावलेली, त्यात तो आणखी सावकाश चालला होता, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. त्याची ती वाकलेली पाठ लांब लांब जात होती. त्या सभेनंतर मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

हे म्हणाले, "चल, मुलगी घरी एकटी आहे."

स्टेजवर माईक उभा होता. लाल दिवा चालू.

मी पदर खोचला. म्हटलं, "थांबा जरा. अजून वायर गुंडाळायची आहे."